पंधरा दिवस आणि दोन दिवस

चहाचे चार चमचे भरतील एवढे पाणी. रंग फिकट पिवळा, जरासे गढूळ. सोळाव्या-सतराव्या आठवड्यात, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईच्या टोकावरची नजर ढळू न देता, आईच्या पोटातून हे पंधरा-वीस मिलिलिटर गर्भजल काढले जाते. पहिले एक-दोन मिलिलिटर बहुधा बाजूला ठेवतात. सुई आईच्या कातडीतून आणि स्नायूंतून आलेली असते, तिच्या टोकाला आईच्याही पेशी चिकटून येतात. बाकीचे पाणी प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की नळीच्या तळाशी पेशींचा साका बसतो. तो इतका थोडा असतो की नवख्याला दाखवूनही दिसत नाही. बाळाच्या कातडीवरून, मूत्रमार्गातून, गर्भपिशवीच्या आतल्या पडद्यावरून सुटून आलेल्या या पेशी. बहुतेक मेलेल्या, थोड्याच जिवंत.

या साक्याला नेमके काय विचारायचे आणि उत्तरासाठी किती दिवस थांबायचे, यावर गेली साठ वर्षे खल चालला आहे. पुढची पाने त्याबद्दल आहेत. जलद चाचणी म्हणजे जुनीच चाचणी झटपट उरकलेली, असा समज सर्रास आढळतो, आणि तो चुकीचा आहे. जलद चाचणी वेगळाच प्रश्न विचारते. तो प्रश्न लहान असतो, म्हणून उत्तर लवकर येते.

जुन्या पद्धतीचे बोलणे फक्त जिवंत पेशींशी होते. एरवी पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे वेगवेगळी दिसतच नाहीत. पिंजलेल्या कापसासारखा डीएनएचा नुसता पसारा असतो. पेशी दुभंगायच्या बेताला आली की हा पसारा आवळला जातो आणि घटकाभर सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतील अशी ठसठशीत गुणसूत्रे तयार होतात. ती घटका पकडायची तर पेशी आधी वाढायला हव्यात. म्हणून साका पोषक द्रवात घालून ३७ अंशांच्या ऊबेत ठेवायचा आणि बाटलीच्या तळाशी पेशींच्या वसाहती होण्याची वाट बघायची. यात आठ-दहा-बारा दिवस जातात. मग विभाजन ऐन मध्यावर रोखणारे औषध घालायचे, पेशींना पाणी पाजून त्या फुगवायच्या, काचपट्टीवर थेंब टाकून त्या पसरवायच्या, ट्रिप्सिन आणि गीम्सा रंग वापरून गुणसूत्रांवर गडद-फिके पट्टे उमटवायचे आणि मग एकेका पेशीतली गुणसूत्रे मोजत, त्यांच्या जोड्या लावत बसायचे. संगणक येण्यापूर्वी फोटो छापून, कात्रीने एकेक गुणसूत्र कापून, कागदावर ओळीने चिकटवावे लागे. हाच कॅरियोटाइप. अहवाल हाती पडायला दोन ते तीन आठवडे.

विभाजन रोखणारे ते औषध म्हणजे कोल्चिसिन किंवा त्याचे भावंड. युरोपात ते केशरासारख्या दिसणाऱ्या एका फुलझाडाच्या कंदातून मिळाले. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणाऱ्या कळलावीच्या कंदातही तेच असते. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून हा विषारी कंद वापरला जाई, त्यावरूनच वेलीला हे नाव पडल्याचे सांगतात. जन्माची घाई करणारी मुळी आणि जन्माआधीची पेशी थांबवून धरणारे औषध यांचे मूळ असे एकच निघावे, हा योगायोग आहे. पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

माणसाची गुणसूत्रे किती, हे ठरायलाही फार वेळ लागला. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या थिओफिलस पेंटर यांनी ४८ हा आकडा सांगितला आणि तीस-एक वर्षे तो पाठ्यपुस्तकांत बसून राहिला. १९५२ मध्ये टेक्सासात टी. सी. शू यांच्या हाती एक द्रव आला, त्यात चुकून मीठ कमी पडले होते. पाणी पिऊन पेशी फुगल्या, एकमेकांवर चढलेली गुणसूत्रे सुटी होऊन पसरली. त्याच युक्तीला कोल्चिसिनची जोड देऊन जावात जन्मलेले जो हिन त्यो यांनी स्वीडनमधल्या लुंड गावी, आल्बर्ट लेव्हान यांच्या प्रयोगशाळेत, डिसेंबर १९५५ मधल्या एका रात्री मोजणी केली. ४६ भरली. पुन्हा मोजली, तरी ४६. १९५६ मध्ये ते छापून आले. म्हणजे आज शाळेतले पोर घोकते तो आकडा अजून शंभरीलाही पोचलेला नाही.

एकदा योग्य आकडा कळल्यावर चुकीचा आकडा ओळखता येऊ लागला. पॅरिसमध्ये मार्त गोतिये या तरुण डॉक्टरबाईंनी जवळजवळ रिकाम्या हातांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. पोषक द्रवासाठी लागणारा प्लाझ्मा पाळलेल्या कोंबड्याचा आणि सीरम स्वतःच्या रक्तातले. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत त्यांना ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे दिसली. फोटो काढता येईल असा सूक्ष्मदर्शक मात्र त्यांच्यापाशी नव्हता. काचपट्ट्या सहकारी जेरोम लेज्यून यांनी फोटोसाठी नेल्या. जानेवारी १९५९ मध्ये शोधनिबंध आला, त्यात लेज्यून यांचे नाव पहिले, विभागप्रमुख रेमाँ त्युर्पां यांचे शेवटचे आणि मधल्या गोतियेबाईंचे तर चुकीच्या वर्णांनी छापलेले. पुढे अर्धशतक हा शोध एकट्या लेज्यून यांच्या नावावर जमा होता. गोतियेबाईंनी स्वतःची बाजू उतारवयात मांडली आणि २०२२ मध्ये त्या वारल्या. प्रयोगशाळेतल्या शोधात बाटली कोणी सांभाळली हा प्रश्न मागे पडतो, फोटो कोणी दाखवला ते लक्षात राहते.

१९६० मध्ये आणखी दोन जादा गुणसूत्रांची नोंद झाली. अठरावे जादा असले तर एडवर्ड्स सिंड्रोम, तेरावे जादा असले तर पटाऊ सिंड्रोम. दोन्हींत बहुतेक बाळे पहिल्या वर्षाच्या आत दगावतात. गुणसूत्रांना क्रमांक मोठ्याकडून लहानाकडे दिलेले आहेत, त्यात एक गंमत राहून गेली. सगळ्यांत लहान खरे तर एकविसावे आहे, बाविसावे नव्हे. पण ते उमगेपर्यंत डाऊन सिंड्रोमशी एकवीस हा आकडा पक्का जोडला गेला होता. मग चूक तशीच ठेवणे सोयीचे पडले.

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या स्टील आणि ब्रेग यांनी गर्भजलातल्या पेशी वाढवून त्यांचा कॅरियोटाइप करता येतो हे दाखवले. तिथून जन्माआधीचे निदान सुरू झाले आणि त्यासोबत वाट पाहणेही.

हे वाट पाहणे कागदावर लहान दिसते. एक हिशेब मांडून पाहावा. समजा, तालुक्याच्या गावी राहणारी एक बाई आहे, वय ३७. बाराव्या-तेराव्या आठवड्यातल्या एनटी स्कॅन आणि डबल मार्कर या धोका सांगणाऱ्या तपासण्या राहून गेल्या, कारण पहिल्या तीन महिन्यांत दवाखान्यात जायचे ते फक्त उलट्यांसाठी. सतराव्या आठवड्यात रक्ताची चाचणी झाली, अठराव्यात धोका जास्त असल्याचा कागद आला. वीस वर्षांच्या आईला डाऊन सिंड्रोमचे बाळ होण्याची शक्यता सुमारे १५०० त एक असते, पस्तिसाव्या वर्षी ३५० त एक, चाळिसाव्या वर्षी १०० त एक. आणि हा कागद तिला आणखी निराळाच आकडा सांगतो. पुण्याला जाऊन गर्भजल काढेपर्यंत साडेअठरा आठवडे भरतात. कॅरियोटाइपचे तीन आठवडे धरले की झाले साडेएकवीस. १९७१ च्या गर्भपात कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची होती. म्हणजे उत्तर यायचे ते दार बंद झाल्यावर. दोन दिवसांची चाचणी असेल, तर तीच बाई एकोणिसाव्या आठवड्यात विचार करायला बसू शकते.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक कारणांसाठी ही मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत वाढली आणि गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने सांगितले तर त्यापुढेही परवानगी मिळू शकते. त्याआधी अशी कुटुंबे थेट न्यायालयात जात. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे डाऊन सिंड्रोमचे निदान झालेल्या, २६ आठवड्यांच्या गर्भाचे प्रकरण आले. आईच्या जिवाला धोका नाही असे वैद्यकीय मंडळाचे मत होते आणि परवानगी नाकारली गेली. तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. पण सव्विसाव्या आठवड्यात न्यायालयाची पायरी चढावी लागते तेव्हा त्यामागे कुठेतरी उशिरा झालेली सोनोग्राफी, उशिरा आलेला अहवाल असे बरेच काही साचलेले असते, ते निकालपत्रात येत नाही.

आता जलद पद्धतींकडे.

पहिली फिश. मासळीशी संबंध नाही. लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत. १९८६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात डॅन पिंकेल, जो ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चमकणाऱ्या रंगांच्या साहाय्याने ठरावीक गुणसूत्राला खूण करण्याची पद्धत बसवली. डीएनएचा एक लहान तुकडा घ्यायचा, जो फक्त एकविसाव्या गुणसूत्रावरच जाऊन चिकटेल. त्याला रंग लावायचा. आणि न वाढवलेल्या, न दुभंगणाऱ्या पेशीच्या केंद्रकावर सोडायचा. गुणसूत्र दिसले नाही तरी ठिपका दिसतो. दोन ठिपके म्हणजे दोन गुणसूत्रे, तीन म्हणजे तीन. १९९० च्या दशकात तेरा, अठरा, एकवीस, एक्स आणि वाय या पाचांसाठी ती गर्भजलावर सर्रास वापरात आली. अहवाल २४ ते ४८ तासांत.

फिशची खोली अंधारी असते. दिव्याखाली रंग विटतात, म्हणून काचपट्ट्या झाकून ठेवलेल्या. माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून एकामागून एक केंद्रक पाहत जातो: लाल दोन, हिरवे दोन, लाल दोन, हिरवे दोन, लाल एक. हा एक म्हणजे काय? गुणसूत्र खरेच एक आहे, की दोन ठिपके एकावर एक आले? म्हणून पन्नास-पन्नास केंद्रके मोजायची. नमुन्यात रक्त असेल तर आणखी पंचाईत. आईच्या पेशीतही दोन एक्स आणि गर्भातल्या मुलीच्या पेशीतही दोन एक्स. समोरचे केंद्रक कोणाचे, हे ठिपके सांगत नाहीत.

दुसऱ्या पद्धतीला सगळे क्यूएफ-पीसीआर म्हणतात. १९९३ मध्ये एलेन मॅन्सफिल्ड यांनी ती डाऊन सिंड्रोमसाठी वापरून दाखवली. हिला अख्खी पेशीसुद्धा लागत नाही. मेलेल्या पेशींतला डीएनए असला तरी भागते, म्हणजे साक्यातल्या ज्या बहुसंख्य पेशी जुन्या पद्धतीला निरुपयोगी होत्या, त्यांचीही साक्ष इथे चालते.

युक्ती अशी. आपल्या डीएनएमध्ये काही ठिकाणी चार अक्षरांचा एकच शब्द जपासारखा पुन्हा पुन्हा येतो. अठराव्या गुणसूत्रावरच्या एका जागी एखाद्याला वडिलांकडून आलेल्या प्रतीत तो बारा वेळा असेल, आईकडून आलेल्या प्रतीत सतरा वेळा. पीसीआरने त्या जागेच्या लाखो नकला काढल्या आणि लांबीप्रमाणे वेगळ्या केल्या की पडद्यावर दोन सुळके उभे राहतात, बाराचा एक आणि सतराचा एक, दोन्ही सारख्या उंचीचे. गुणसूत्रे तीन असतील तर सारख्या उंचीचे तीन सुळके येतात किंवा दोनच येतात, पण एक दुसऱ्याच्या दुप्पट उंच. दोन्ही प्रतींत आकडा एकच निघाला तर एकच सुळका दिसतो आणि त्या जागेवरून काहीच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक गुणसूत्रावर चार-पाच जागा तपासतात आणि निदान दोन जागांनी एकच गोष्ट सांगितल्याशिवाय अहवालात लिहीत नाहीत. सगळी मदार उंचीच्या प्रमाणावर असल्याने पीसीआर लवकर थांबवावे लागते. फेऱ्या वाढवत नेल्या तर नकला दोन्हीकडे तुडुंब भरतात आणि एकास दोन हा फरक पुसला जातो. दूध उतू जायच्या आत आच बंद करावी तसे.

यातल्या काही जागा पोलिसांच्या ओळखीच्या आहेत. एकविसाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांवरच्या ज्या खुणा डाऊन आणि एडवर्ड्ससाठी बघतात, त्यांतल्या काही न्यायवैद्यक प्रयोगशाळा गुन्हेगार ओळखण्यासाठी रोज वापरतात. तिथे विचारतात, हा कोण? इथे विचारतात, हे किती? आणि कोण या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळत असल्याने फिशची ती पंचाईत इथे सुटते. नमुन्यात आईचे रक्त मिसळले असेल तर तिचे सुळके बुटके होऊन मधूनच डोकावतात. सोबत आईच्या रक्ताचा नमुना मागवलेला असतो, त्याच्याशी ताडून पाहिले की कळते.

शिवाय ती स्वस्त पडते. फिशमध्ये माणसाचे डोळे तासन् तास अडकतात. इथे एका ताटलीत ९६ नमुने एकाच वेळी चालवता येतात. लंडनच्या गाईज हॉस्पिटलने २००० मध्ये ती नेहमीच्या सेवेत आणली. २००२ मध्ये ॲमस्टरडॅमहून एमएलपीए नावाची तिसरी पद्धत आली. तीही डीएनएची मात्रा मोजते, वेगळ्या रसायनाने. तिच्यावर इथे थांबण्याचे कारण नाही.

थांबायचे आहे ते ब्रिटनमधल्या वादापाशी, कारण जलद चाचणीचा खरा प्रश्न तिथे उघडपणे मांडला गेला. २००४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय तपासणी समितीने म्हटले की फक्त डाऊन सिंड्रोमचा धोका जास्त म्हणून सुई घातलेली असेल, तर जलद चाचणी पुरे, पूर्ण कॅरियोटाइप करण्याची गरज नाही. कॅरियोटाइप करणारे अर्थातच भडकले. २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठी मोजदाद छापून आली. गर्भजलाचे १ लाख १९ हजारांहून अधिक आणि वारेतून काढलेल्या पेशींचे २३ हजारांहून अधिक जुने नमुने घेऊन विचारले गेले: यांच्यावर फक्त जलद चाचणी केली असती, तर काय निसटले असते? उत्तर आले, गर्भजलात सुमारे शंभरात एक आणि वारेत सुमारे चाळिसात एक बिघाड. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की निसटलेल्यांपैकी सगळे बिघाड घातक नव्हते. गर्भजलातल्या सुमारे तीस टक्क्यांत आणि वारेतल्या सुमारे पंचेचाळीस टक्क्यांत बाळावर परिणाम होण्याचा मोठा धोका होता. उरलेल्यांत बहुधा काही झालेही नसते, मात्र आईबापांची झोप उडाली असती.

दोन्ही पक्षांनी याच आकड्यांचा आधार घेतला. एक म्हणाला, पाहा, केवढे निसटते. दुसरा म्हणाला, पाहा, केवढी नसती काळजी टळते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे वरवर थंड वाटते, पण ते उडवून लावण्यासारखे नाही. दोन गुणसूत्रांनी आपापल्या तुकड्यांची अदलाबदल केली आहे, काही हरवले नाही, काही वाढले नाही, बाळ बहुधा ठीक असेल, पण खात्री देता येत नाही. असा अहवाल अठराव्या आठवड्यात हाती घेऊन घरी जाणाऱ्या जोडप्याला विज्ञानाने नेमके काय दिले? तरीही जलद चाचणीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. चाचणीने काय विचारले आणि काय विचारले नाही, हे घरी जाणाऱ्या माणसाला कळलेले असेल, असे.

ते क्वचितच कळलेले असते. क्यूएफ-पीसीआरच्या अहवालात तेरा, अठरा आणि एकवीस या गुणसूत्रांची संख्या नेहमीप्रमाणे आहे एवढेच लिहिलेले असते. दवाखान्यात फोनवर ते वाचून दाखवले जाते: रिपोर्ट नॉर्मल आहे. सासूबाई शेजारी सांगतात: बाळ नॉर्मल आहे. तीन वाक्ये, तीन वेगवेगळे अर्थ. पहिले खरे आहे. दुसरे जवळपास खरे. तिसऱ्याची हमी जगातली कोणतीच चाचणी देत नाही.

मग जलद चाचण्यांत एक्स-वाय धरून नेमकी ही पाचच गुणसूत्रे का? इतर गुणसूत्रे जादा होतच नाहीत असे नाही. सोळावे तर गर्भपातांत सर्वाधिक वेळा जादा आढळते, पण प्रत्येक पेशीत ते जादा असलेला गर्भ दिवस भरेपर्यंत टिकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांमागे गुणसूत्रांचाच घोळ असतो. ही चाळणी लागल्यावर पुढे टिकणाऱ्यांत तेरा, अठरा, एकवीस, एक्स आणि वाय यांचेच प्रमाण मोठे उरते. लहान प्रश्न विचारून मोठा भाग हाती लागतो तो त्यामुळे.

जलद चाचणीचे उत्तर आल्यावरही बाटली फेकून देऊ नये, याचे सगळ्यांत चांगले कारण त्या उत्तरातच दडलेले असते. एकविसावे तीन आहेत, हे सुळके सांगतात. तिसरे कसे आले, हे सांगत नाहीत. बहुतेक वेळा ते बीजपेशी तयार होताना झालेल्या चुकीने सुटे आलेले असते. पुढच्या वेळी तसेच होण्याची शक्यता थोडी. पण काही वेळा ते चौदाव्या गुणसूत्राला चिकटून आलेले असते आणि ही जोडगोळी आईच्या किंवा वडिलांच्या पेशीत काही त्रास न देता आधीपासून नांदत असते. क्वचित एकविसावी दोन्ही गुणसूत्रे एकमेकांनाच चिकटलेली असतात. अशा आईच्या किंवा बापाच्या जन्मणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला डाऊन सिंड्रोम असणार. हे फक्त कॅरियोटाइप दाखवतो. दोन दिवसांच्या अहवालाने या गर्भाचे कळते, बहिणीच्या आणि भावाच्या घरचे कळत नाही.

नंतर आलेल्या पद्धतींनी हे चित्र आणखी गुंतागुंतीचे केले. मायक्रोॲरे सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे बारीक तुकडेही पकडते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सोनोग्राफीत दोष दिसलेल्या आणि कॅरियोटाइप ठीक असलेल्या गर्भांपैकी सुमारे सहा टक्क्यांत मायक्रोॲरेने महत्त्वाचे काही शोधले. केवळ आईचे वय किंवा रक्ताची चाचणी यांमुळे आलेल्यांत ते प्रमाण १.७ टक्के होते. पण तुकडे हरवल्या-वाढल्याशिवाय झालेली अदलाबदल तिलाही दिसत नाही. दुसरीकडे हाँगकाँगचे डेनिस लो यांनी १९९७ मध्ये आईच्या रक्तातल्या प्लाझ्मामध्ये बाळाच्या डीएनएचे तुकडे सापडतात हे दाखवले. त्यासाठी त्यांनी प्लाझ्मा चक्क उकळला. ही कल्पना झटपट नूडल्स शिजवताना सुचल्याचे ते सांगतात. २०११ पासून यावर आधारलेली चाचणी एनआयपीटी म्हणून बाजारात आली. सुई नको, धोका नको. पण ते तुकडे बाळाचे नसून वारेचे असतात, आणि वारेतली गुणसूत्रे कधीमधी बाळाहून वेगळी निघतात. म्हणून एनआयपीटीने धोका सांगितला की गाडी पुन्हा त्याच चार चमचे पाण्यापाशी येते, आणि खात्रीचे उत्तर द्यायला पुन्हा फिश किंवा क्यूएफ-पीसीआर.

लो यांनी शोधले होते ते वाय गुणसूत्र. आईच्या रक्तात वाय असायचे कारण नाही, म्हणून ते सापडणे सोपे. हे वाय महाराष्ट्रात मात्र फार नाजूक जागी बोट ठेवते.

गर्भजल परीक्षण भारतात आले ते आजार शोधण्यासाठी, आणि काही वर्षांतच मुलगी शोधण्यासाठी वापरले जाऊ लागले. १९८६ च्या सुमारास डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, त्यांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करत होते. दवाखान्यांच्या जाहिराती उघड लागत. स्त्री संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी आवाज उठवला, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. १९९६ मध्ये तो लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. गुणसूत्रांचे दोष शोधण्यासाठी ही तपासणी करता येते, पण बाईची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते, आणि लिंग शब्दाने, खुणेने किंवा कोणत्याही प्रकारे सांगता येत नाही.

क्यूएफ-पीसीआरमध्ये एक्स आणि वाय ओळखण्यासाठी दातांच्या एनॅमलशी संबंधित एका जनुकाचा आधार घेतात. एक्सवर त्याची लांबी वायपेक्षा सहा अक्षरांनी कमी असते. पडद्यावर १०६ आणि ११२ या जागांवर दोन सुळके दिसले तर मुलगा, एकटा १०६ चा दिसला तर बहुधा मुलगी. ते बघणे टाळता येत नाही, कारण एक्स-वायच्या संख्येतले टर्नरसारखे सिंड्रोम तिथेच कळतात. म्हणजे प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी, नकळत, कळून चुकते. त्याने फक्त सांगायचे नसते. अहवालात त्या जागी कायद्याचे वाक्य येते. फोनवर नातलग आडून आडून विचारतात, पेढे आणायचे का बर्फी? पलीकडून उत्तर येत नाही.

आणखी एका गोष्टीची उजळणी इथे हवी, कारण ती या विषयावरच्या पुस्तकांत बहुधा शेवटच्या पानावर ढकललेली असते. निदान झाले म्हणजे निर्णय झाला असे नव्हे. डाऊन सिंड्रोम असलेल्या निम्म्याएक बाळांच्या हृदयात दोष असतो. ते आधी माहीत असेल तर बाळंतपण कुठे करायचे हे ठरवता येते. अमेरिकेत १९८३ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्यांचे सरासरी आयुष्य सुमारे २५ वर्षे होते, आज ते साठीच्या आसपास आहे, आणि यातला मोठा वाटा हृदयशस्त्रक्रियेचा आहे. मराठी प्रेक्षकांना डाऊन सिंड्रोमसह जगण्याची ओळख २०१४ च्या ‘यलो’ चित्रपटाने करून दिली. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्यावरच्या त्या चित्रपटात तिने स्वतःच काम केले होते. एकोणिसाव्या आठवड्यात समुपदेशकासमोर बसलेल्या जोडप्यापुढे कागदावरच्या सुळक्यांबरोबर एखादे असे जगणेही असावे, आणि सांभाळताना येणारा खर्च, शाळा, आईबापांनंतरचे काय, हेही. दोन दिवसांत आलेले उत्तर विचार करायला उरलेले दिवस वाढवते. ते दिवस नुसतेच फोन करण्यात गेले, तर एवढी धावपळ कशासाठी केली?

आणि त्या दिवसांत, अहवाल रवाना झाल्यावरही, बाटली ऊबदार पेटीत तशीच असते. तिसऱ्या दिवशी तळाशी काहीच दिसत नाही. सहाव्या-सातव्या दिवशी उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन ठिकाणी पेशी चिकटलेल्या दिसतात, पसरट, कडांना झालर असल्यासारख्या. द्रव बदलला जातो. दहाव्या दिवशी त्यांतल्या काही गोल होऊन वर उचलल्या गेलेल्या असतात. ही दुभंगण्याची तयारी. मग कोणीतरी पिपेट उचलतो, कळलावीच्या त्या औषधाचे काही थेंब आत सोडतो, घड्याळ बघतो आणि पेटीचे दार लावून घेतो.